शरयूताई पुन्हा कामावर

अमेरिकेत, मिनिआपोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये कुणाच्या मुलाला ताप आला, कुणाच्या आईच्या पायाला सूज आली, की डॉक्टरच्या आधी शरयूताईंना फोन जायचा. त्या यायच्या, हात धुवायच्या, पोराच्या पोटावर हात ठेवून त्याच्याशी आधी भलत्याच विषयावर बोलायच्या आणि मग आईला सांगायच्या, "काही नाही, उद्यापर्यंत बघू." कधी म्हणायच्या, "आत्ता गाडी काढा." त्यांनी गाडी काढायला सांगितलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

माहेरच्या त्या मगदूम, सांगलीजवळच्या. नर्सिंग मिरजेला केलं, नंतर पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात होत्या. उल्हास बिडकरांशी लग्न झालं. उल्हासरावांना मिनिआपोलिसच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि दोघं इकडे आले. इकडे आलेल्या बहुतेक बायका व्हिसामुळे घरी बसल्या, शरयूताईंनी मात्र त्या काळात इथल्या नर्सिंगच्या परीक्षा दिल्या. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर महिन्याभरात त्या शहरातल्या एका हॉस्पिटलात रुजू झाल्या. मुलगी स्वानंदी तेव्हा दुसरीत होती.

मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होते. २००३च्या सुमारास ताईंनी हॉस्पिटल सोडल्याचं कळलं. "पाठीमुळे ब्रेक घेतलाय," असं उल्हासराव सगळ्यांना सांगत. पाठीचं खरंच होतं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात बाथरूममध्ये घसरणाऱ्या एका भारी पेशंटला सावरताना त्यांच्या कमरेत चमक भरली होती ती गेलीच नव्हती. त्यामुळे मी काही जास्त विचारलं नाही.

खरं काय ते मला कळलं जानेवारीत, बर्फ पडत असताना. सकाळी दार वाजलं. ताई कोट-टोपी घालून उभ्या होत्या.

"सुमेधा, आमची गाडी सुरू होत नाहीये, आणि उल्हास शिकागोला गेलाय. मला जरा सोडशील का? लांब नाही."

"चला की. कुठे जायचंय?"

"लॅबमध्ये."

रस्त्यात मी सहज म्हटलं, "ब्लड टेस्ट का?"

"युरीन," त्या म्हणाल्या. वायपर चालू होते, त्यांच्याकडे त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू एवढ्या बर्फात आणलंस, तुला खोटं सांगत नाही. मी ड्रग टेस्टला चाललेय. आज नाही दिली तर चुकवली असं धरतात. चुकवली म्हणजे नापास."

मी गाडी चालवत राहिले. दुसरं काय करणार.

लॅबच्या पार्किंगमध्ये, टेस्ट देऊन आल्यावर, त्यांनी सगळं सांगितलं. कमरेसाठी डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतली की बारा-बारा तास उभं राहता यायचं. हळूहळू असं झालं की कमर दुखत नसली तरी गोळी लागायची. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. हॉस्पिटलात पेशंटला इंजेक्शन दिल्यावर सिरिंजमध्ये जे औषध उरतं ते दुसऱ्या नर्सच्या समोर सिंकमध्ये टाकायचं असतं. घाईत ती दुसरी नर्स न बघताच सही करते. ताईंनी एक दिवस ते टाकलं नाही.

"पेशंटच्या वाट्याचं कधी घेतलं नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच मान हलवली. "हे मी सुरुवातीला सगळ्यांना सांगायचे. जणू त्यानं ते बरं दिसतं. ट्रीटमेंटमधल्या एका बाईनं मला विचारलं, 'आणि जेव्हा तू पेशंटजवळ उभी होतीस, तेव्हा पूर्ण शुद्धीवर होतीस का?' तेव्हापासून सांगणं सोडलं."

पकडल्या गेल्या तेव्हा सुपरवायझरनं ऑफिसमध्ये बोलावून फक्त एवढंच विचारलं होतं, की तुला आम्हाला काही सांगायचंय का. ताईंनी "हो" म्हटलं. नोकरी गेली. आधी काही आठवडे उपचार झाले. मग राज्याचा नर्सेससाठीचा देखरेखीचा प्रोग्रॅम. लायसन्स राहील, पण अटींवर. रोज सकाळी एका नंबरला फोन करायचा. प्रत्येकीला एक रंग ठरवून दिलेला, रेकॉर्ड केलेला आवाज त्या दिवसाचा रंग सांगणार. आपला रंग निघाला की त्याच दिवशी टेस्ट. आठवड्यातून एकदा इतर नर्सेसच्या ग्रुपमध्ये जाऊन बसायचं. आणि काम मिळालं, तर तिथे कुणीतरी वरिष्ठ त्यांच्यावर लक्ष ठेवायला तयार हवं. त्यानं दर तीन महिन्यांनी रिपोर्ट पाठवायचा. गुंगीच्या औषधांच्या कपाटाची चावी पहिलं वर्षभर हातात घ्यायची नाही.

"अशा अटींवर मला कोण ठेवून घेणार, सांग," ताई म्हणाल्या. "आणि काम केल्याशिवाय प्रोग्रॅम पूर्ण होत नाही. देखरेखीखाली काम करून दाखवावं लागतं."

त्या दिवसापासून मी अधूनमधून त्यांची ड्रायव्हर झाले. मुलाखतींनाही नेलं. अमेरिकेत तेव्हा नर्सेसचा तुटवडा होता. पेपरात पानंच्या पानं जाहिराती असत. ताईंचा अनुभव वाचून लगेच बोलावणी येत. मुलाखत छान होई, हॉस्पिटल दाखवत, "केव्हापासून येऊ शकाल?" असंही विचारत. मग ताई शेवटी सांगत. आणि समोरच्या माणसाचा चेहरा बदलत असे.

"रागवत नाही गं कुणी," त्या गाडीत बसल्यावर सांगायच्या. "अगदी गोड बोलतात. एकजण तर म्हणाली, तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. दार उघडून देऊन म्हणाली."

एका नर्सिंग होमच्या बाईंनी रिसेप्शनचं काम देऊ केलं. एका एजंटानं सुचवलं, की हे सांगूच नका, आधी रुजू व्हा, नंतर बघू. ताईंनी त्याचा फोन पुन्हा घेतला नाही. पण मुलाखतीला निघण्याआधी त्या गाडीत बसून वाक्य पाठ करायच्या, इंग्रजीत. "आय वुड लाइक टु बी अप फ्रंट..." असं सुरू व्हायचं ते. दरवेळी शब्द वेगळे. मला ऐकवत नसे, म्हणून मी रेडिओ लावायचे.

उल्हासराव या काळात फार बोलत नसत. चांगला माणूस, पण सगळं मनात ठेवणारा. ते सकाळी उठून ताईंच्या आधी चहा करून ठेवत आणि फोन टेबलावर आणून ठेवत. एवढंच. स्वानंदी बारा वर्षांची झाली होती. तिला ताईंनी सोप्या शब्दांत सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आय नो, आई. आय कॅन हिअर थ्रू द वॉल." आणि पुन्हा गृहपाठाला बसली.

मग २००४च्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये, उल्हासरावांच्या आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या.

आई सत्तरीच्या, उंच, चष्म्यावरून बघणाऱ्या. गावाकडे मोठा संसार केलेला. त्यांना ताईंचं घरी असणं आधी आवडलं, मग खटकायला लागलं. रोज सकाळी सून खोलीत जाऊन दार लोटून कुणाला फोन करते? बोलत तर काहीच नाही, नुसती ऐकते. आणि एखाद्या दिवशी फोन झाला की जेवण अर्धं टाकून जाते कुठे? मला त्यांनी जिन्यात गाठून विचारलं होतं, "शरयूला काही आजार हाय का गं? लपवू नकोस." मी म्हटलं, "तुम्ही ताईंनाच विचारा ना, आजी." त्या म्हणाल्या, "तिनं आपणहून सांगावं की."

दिवाळी आली. आईंनी सांगलीहून अनारशाचं पीठ आणलं होतं, बॅगेत कपड्यांच्या मधोमध, डब्याला दोरी बांधून. ते पीठ कस्टमच्या माणसाला कसं समजावलं याची गोष्ट त्या रंगवून सांगत. इंडियन ग्रोसरीतून खसखस आणली. त्या दिवशी मी मदतीला वर गेले होते. आई ओट्यापाशी उभ्या राहून खसखशीवर अनारसा थापत होत्या आणि तुपात सोडत होत्या. पहिला घाणा उतरला. जाळी सुरेख पडली होती. त्यांनी एक अनारसा बशीत घालून ताईंपुढे धरला.

"बघ बरं, गूळ बेताचा झालाय का."

"नको आई. नंतर खाते."

"नंतर काय? गरम खा की. मी मुद्दाम तुझ्यासाठी पीठ आणलं. लग्नात तू म्हणाली होतीस, तुमच्यासारखे अनारसे कुठं खाल्ले नाहीत."

"आई, मला नाही चालणार."

"का नाही चालणार? काय झालंय तुला?" आईंनी गॅस बंद केला. "माझ्या हातचं नको झालं का?"

ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी निघायला लागले तर त्यांनी माझ्या हाताला धरून मला थांबवलं. मग म्हणाल्या, "आई, खसखस खाल्ली की लघवीच्या तपासणीत अफू दिसते. माझी तपासणी होते. उद्या सकाळीही होईल, कुणाला माहीत."

"अफू? तुझी कशाला अफूची तपासणी?"

मग ताईंनी सांगितलं. हे सगळं निव्वळ मराठीतून सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्याशी बोलताना अर्धं इंग्रजी असायचं. आईंना तसले शब्द कळले नसते. "मला गोळ्यांची सवय लागली. मग मी हॉस्पिटलातलं औषध चोरलं. पकडले गेले, नोकरी गेली. आता बरी आहे, पण सरकार माझ्यावर लक्ष ठेवून आहे. रोज फोन करते तो त्यासाठीच." एवढीच वाक्यं होती.

आई खुर्चीवर बसल्या. पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून घेतीस का?"

"नाही. वर्ष उलटून गेलं."

"उल्हासला ठाऊक हाय?"

"हो."

"त्या पोरीला?"

"तिलाही."

"म्हणजे घरात मीच परकी." त्यांच्या आवाजात राग होता. ताई काही बोलायला गेल्या, त्यांना हातानं थांबवून आई म्हणाल्या, "चोरीचं वाईट वाटतंय मला. फार वाईट वाटतंय. पण चार महिने मला समोर बसवून ठेवलंस आणि आता शेवटाला सांगितलंस, ते जास्ती लागलं. आल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी काय विमानानं परत जाणार होते?"

ताई रडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "चुकलंच माझं."

आई उठल्या. खसखशीचं ताट उचलून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, "हे तू घेऊन जा घरी." मग कपाटं उघडून बघायला लागल्या. तिळाचा डबा सापडला. दुसरा घाणा तिळावर थापला. तीळ काही नीट चिकटत नव्हते, तुपात सुटून तरंगत होते. आई पुटपुटत होत्या, झाऱ्यानं तीळ गोळा करत होत्या. मध्येच वळून म्हणाल्या, "आणि मटणाच्या वाटणात? त्यात पण असतीय की खसखस. तेच मी म्हणतेय, ही उन्हाळ्यापासून रस्सा का खात नाही."

त्यावर मात्र ताई हसल्या, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागल्या.

दोन-तीन दिवसांनी मी वर गेले होते, तेव्हा आईंनी भाजी निवडताना विचारलं, "कामाचं काय म्हणतात तुझ्या?" ताईंनी मुलाखतींचं सांगितलं. आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शेवटाला का सांगतीस?"

"आधी सांगितलं तर पुढे बोलायलाच कुणी तयार होणार नाही, आई."

"आणि शेवटाला सांगितलं की मग होतात?"

ताईंनी भाजीची पुढची जुडी सोडायला घेतली.

"माझ्यासारखंच होत असेल त्यांचं. चांगली वाटते, चांगली वाटते म्हणेपर्यंत हे पुढं येतं. मग वाटतं, एवढा वेळ आपल्याला खेळवलं. आल्या आल्या सांगून टाक. ज्याला नको तो तिथंच नको म्हणेल. तुझंही पेट्रोल वाचेल आणि ह्या सुमेधाचंही."

डिसेंबरमध्ये एका डायलिसिस सेंटरमधून फोन आला. किडन्या काम करत नाहीत असे पेशंट तिथे आठवड्यातून तीनदा येतात, मशीनवर तासन् तास बसून रक्त शुद्ध करून घेतात. गुंगीची औषधं तिथे जवळपास नसतातच. मुलाखत घेणारी मार्जी लिंडक्विस्ट नावाची साठीकडे झुकलेली बाई होती. ताई खुर्चीवर बसल्या आणि मार्जीनं पहिला प्रश्न विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं.

मार्जीनं पेन खाली ठेवलं. "बहुतेक जण हे मला निघताना दाराशी सांगतात," ती म्हणाली.

"मीही आतापर्यंत तेच करत होते."

"मग आज का नाही?"

"माझ्या सासूबाईंनी रागावून सांगितलं."

मार्जी हसली. मग तिनं बरेच नेमके प्रश्न विचारले. कोणतं औषध, किती काळ, शेवटचं कधी, मोह झाला तर कुणाला फोन करतेस. ताईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नावर त्या थोड्या अडखळल्या, कारण त्या नावांत माझंही नाव होतं आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला ते पुढे कळलं.

"मला नर्स हवी आहे," मार्जी म्हणाली. "आणि तुझ्यावर लक्ष ठेवायला आधीच एवढी माणसं आहेत, की माझं काम थोडकंच राहील. वरच्यांना विचारावं लागेल. वेळ लागेल."

वेळ लागला. जानेवारीत आई सांगलीला परत गेल्या तोवर निर्णय झालेला नव्हता. विमानतळावर त्या ताईंना म्हणाल्या, "फोन कर. बरा असो की वाईट." फोन फेब्रुवारीत गेला, बरा होता.

डायलिसिसचं काम ताईंना नवं होतं. पेशंटच्या दंडात ऑपरेशननं जाड केलेली रक्तवाहिनी असते, तिच्यात दरवेळी दोन जाड सुया घालायच्या. सुई चुकली की दंड काळानिळा होतो, म्हणून पेशंट नवीन नर्सला हात लावू देत नाहीत. हार्लन नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी शाळेची बस चालवायचे. त्यांनी ताईंना पहिले काही आठवडे जवळ उभंही राहू दिलं नाही. मग एकदा दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून नाइलाजानं हात पुढे केला, आणि सुई गेल्यावर म्हणाले, "झालं?" त्यानंतर ते ताईंची वाट बघायला लागले.

दुसऱ्या वर्षी एक दिवस हार्लनच्या कोटाच्या खिशातली गोळ्यांची बाटली हरवली. गुडघ्यासाठी घ्यायचे ते, वेदनेच्या गोळ्या. सेंटरमध्ये ताईंबद्दल मार्जी आणि एक इनचार्ज नर्स सोडून कुणाला माहीत नसायला हवं होतं, पण अशा गोष्टी पसरतात. मशीन लावणारा एक टेक्निशियन मोठ्यानं म्हणाला, "आता ती कुठे गेली असेल, हे मी सांगायला नको."

ताईंनी हातातलं काम संपवलं. त्या पेशंटची मशीन सुटेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग मार्जीच्या खोलीत गेल्या. "माझी बॅग बघा, लॉकर बघा आणि मला आत्ताच्या आत्ता टेस्टला पाठवा."

"तुझ्यावर कुणी आरोप केलेला नाही."

"लेखी केलेला नाही," ताई म्हणाल्या. "मला तो होण्याआधी टेस्ट हवी आहे."

टेस्ट स्वच्छ निघाली. बाटली मात्र कधीच सापडली नाही. पेशंटना आणणाऱ्या व्हॅनमध्ये पडली, घरीच राहिली, काय झालं कुणाला कळलं नाही. मला वाटलं होतं, ती सापडेल आणि तो टेक्निशियन माफी मागेल. त्यानं मागितली नाही. तो शेवटपर्यंत ताईंशी कामापुरतंच बोलला. ताई म्हणायच्या, "त्याचं काय चुकलं गं? मी त्याच्या जागी असते तर मलाही आधी हेच सुचलं असतं." हे बोलताना त्यांना त्रास होत असे, हे दिसायचं. त्या आठवड्यात त्या रोज ग्रुपला गेल्या, नेहमीसारखं एकदाच नाही.

हार्लनचं मात्र वेगळंच. पुढच्या खेपेला ते आले, बाही वर केली आणि म्हणाले, "मी कुठेतरी टाकल्या असतील. मी तर एकदा बसची किल्लीही कचऱ्यात टाकली होती. चल, सुई लाव." ताईंनी लावली.

२००७च्या वसंतात प्रोग्रॅम पूर्ण झाला. अटी निघाल्या, लायसन्स मोकळं झालं. त्या संध्याकाळी उल्हासरावांनी आम्हाला जेवायला बोलावलं. कशासाठी ते स्वानंदीनं सांगितलं. उल्हासराव उठून दोन शब्द बोलायला लागले, आणि दोनच शब्द बोलून बसले. ताईंच्या जुन्या हॉस्पिटलाच्या शेजारच्याच एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात जागा निघाली होती, पगारही चांगला होता. त्यांनी अर्ज केला नाही. "मला तिथे, त्या औषधांजवळ राहवेल का, हे अजून मला माहीत नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या डायलिसिसमध्येच राहिल्या.

पुढच्या वर्षी मराठी मंडळानं संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी आरोग्यावर व्याख्यान ठेवलं. रक्तदाब, मधुमेह आणि किडनी. मंडळाच्या शोभनाकाकूंनी ताईंना बोलावलं. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. पोरं मागे पळत होती. ताई छान बोलल्या, मीठ किती, पाणी किती, तपासण्या कोणत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि वेदनेच्या गोळ्या. त्यांनी किडनी खराब होते, हे डॉक्टर सांगतीलच. मी दुसरं सांगते. मला स्वतःला त्यांचं व्यसन लागलं होतं. त्यात माझी नोकरी गेली. नंतर काही वर्षं मी देखरेखीखाली काम केलं. कुणाला काही विचारायचं असेल तर मी चहापर्यंत आहे."

उल्हासराव पहिल्या रांगेत होते, ते समोर बघत राहिले. शोभनाकाकू माइकपाशी आल्या, आभाराचा कागद उलगडून त्यांनी तो पुन्हा मिटला. मग त्या म्हणाल्या, "शरयू, मी गुडघ्यासाठी रोज दोन गोळ्या घेते, त्या चालतील ना?" आणि सगळे हसले. ताई गंभीरपणे म्हणाल्या, "बाटली घेऊन या, बघू."

चहाच्या वेळी काही बायका त्यांच्यापासून जरा लांबच राहिल्या, तेही मी पाहिलं. तिळगुळाच्या ताटाभोवती गर्दी होती. तेवढ्यात आमच्यातलेच एक गृहस्थ ताईंजवळ आले. कोण ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. ते हळूच म्हणाले, "ताई, जरा बाजूला येता का? दोन मिनिटं."

दोघं कोट टांगले होते त्या कॉरिडॉरमध्ये गेले. कार्यक्रम सुरू झाला, गाणी झाली, वाण वाटून झालं. मी दोनदा डोकावून पाहिलं. ते गृहस्थ खाली बघून बोलत होते आणि ताई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, ऐकत होत्या.